कढीला साडेसहा

वाटेत पाच मिनिटं थांबायचं, एवढंच ठरलं होतं. मावशीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. सफरचंदांची एक पिशवी घ्यायची आणि निघायचं.

ठरवलं होतं गिरिजानं. पण तिनं ठरवलेल्या गोष्टी पाच मिनिटांत संपत नाहीत, कारण त्यातली तीन मिनिटं घाबरण्यात जातात. गिरिजा मुळातच दचकणारी. टोस्टरमधून ब्रेड वर आला की ती एक पाऊल मागे सरकायची. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बसचं दार फुस्स करून उघडलं की शेजारच्या अनोळखी माणसाला 'सॉरी' म्हणायची. (चूक बसची असली तरी.) आणि अशा मुलीला त्या शनिवारी शोभनामावशी बघणार होती.

म्हणजे आमंत्रण जेवणाचंच होतं. पण राजसची ही मावशी जेवण झाल्यावर नागपूरला त्याच्या आईला फोन करून मुलगी कशी आहे ते सांगणार होती, आणि राजसची आई बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हती. थोडक्यात, गिरिजा आणि राजसचं लग्न होणार की नाही, ते मावशीच्या एका फोनवर होतं.

"तू फक्त नॉर्मल राहा," राजस गाडी चालवताना चौथ्यांदा म्हणाला.

"माझं नॉर्मल तुला माहितीये ना?"

राजसनं गाडी सफरचंदांच्या बागेकडे वळवली.

बागेच्या दुकानात शिरल्यावर सफरचंदांच्या आधी एक लांबलचक लाकडी काउंटर लागला. सफरचंदाचा रस आंबवून केलेली हार्ड सायडर, तिचे सहा प्रकार, चाखा आणि तुलना करा, अशी पाटी. काउंटरमागच्या गोऱ्या आजीबाईंनी विचारलं, "दोघांसाठी?" गिरिजा दचकून 'येस' म्हणाली. (तिचा दचकून नेहमी होकारच निघतो. तिच्या कपाटात अशीच घेतलेली तीन क्रेडिट कार्डं आहेत.)

आजीबाईंनी दोघांपुढे सहा-सहा छोटे ग्लास मांडले, मार्क द्यायला एकेक कार्ड आणि पेन्सिल दिली, आणि मध्ये एक बादली ठेवली.

"ही कशाला?" गिरिजानं कुजबुजत विचारलं.

"एक घोट घ्यायचा, उरलेलं बादलीत ओतून द्यायचं. सगळे तसंच करतात," राजस म्हणाला.

"ओतून द्यायचं?"

इथे खरी गडबड झाली. गिरिजाचं सगळं लहानपण सांगलीत, पानात काही टाकायचं नाही या शिस्तीत गेलेलं. तिच्या बाबांनी तिला एकदा कारल्याच्या चार फोडींसाठी सव्वा तास पाटावर बसवून ठेवलं होतं. अशा मुलीच्या समोर बादली ठेवून काय उपयोग? तिनं पहिला ग्लास तळ दिसेपर्यंत संपवला. आंबट, कैरी उकडलेल्या पाण्यासारखा. सहा मार्क. दुसरा काकवीसारखा गोड. पाच. तिसरा लाकडी पिंपात मुरवलेला, त्याला जुन्या कपाटाचा वास. चौथ्यात चेरी घातलेली, थेट खोकल्याचं औषध. पाचव्यात लवंग-दालचिनी, जणू कुणी मसालेभात करायला घेतला आणि तांदूळ घालायला विसरलं. सहावा कडसर, पण प्रामाणिक. साडेआठ.

त्यात ती स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी. एकदाच मोजून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिच्या हाडांत भिनलेलं. राजसला गाडी चालवायची होती, म्हणून त्यानं प्रत्येक ग्लासला नुसते ओठ लावले होते. त्याचे सहा ग्लास बादलीच्या दिशेनं निघालेले तिनं वाटेत अडवले.

"गिरिजा, अगं आपण मावशीकडे जातोय."

"वाया नको जायला."

"बारा ग्लास झाले यार."

"नमुने," गिरिजा म्हणाली, "बारा नमुने." आणि राजसच्या लक्षात आलं की मघापासून काउंटरवरची घंटा चारदा वाजली होती आणि ही एकदाही दचकली नव्हती.

मावशीनं दार उघडताच गिरिजानं वाकून नमस्कार केला. (खाली जाताना ठीक झाला. वर येताना राजसनं दंड धरला.) मावशीनं तिला जवळ घेतलं.

"केसांना काय लावतेस गं? सफरचंदाचा किती छान वास येतोय."

राजसनं डोळे मिटले.

मावशीनं सगळा नागपुरी बेत केला होता. पाटवडीचा रस्सा, गोळाभात, कढी. मावशीचे यजमान प्रल्हादकाका आधीच पानावर बसले होते. मावशीनं वाढता वाढता नेहमीचा प्रश्न टाकला, "बघा बाप्पा, जमलंय का सगळं?"

राजस म्हणाला, "मस्त, मावशी."

गिरिजानं कढीची वाटी उचलली. खिडकीच्या उजेडात धरली. गोल फिरवली. नाक आत घालून वास घेतला. मग एक घोट तोंडात धरून ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"सुरुवात चांगली आहे," ती म्हणाली. "मधे आलं येतं, पण जरा उशिरा येतं. आणि शेवटाला बेसन कच्चं लागतं. साडेसहा."

राजसनं टेबलाखालून तिला जोरात लाथ मारली. ती लागली काकांना. काकांना वाटलं बायकोची खूण आहे, त्यामुळे ते पानातून मान वर न करता सवयीनं म्हणाले, "छान झालंय."

"किती?" मावशीनं विचारलं.

"साडेसहा. दहापैकी. पाटवडीला मात्र नऊ."

"एक कुठे गेला?"

"कोथिंबीर पुढे पुढे करतेय."

मावशीनं स्वतःच्या वाटीतली कढी चाखली. मग उठून कढीचं पातेलं घेऊन आत गेली. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पळी आपटल्याचा. राजसच्या डोळ्यांपुढे नागपूरचा फोन, आईचा उतरलेला चेहरा आणि आईच्या बॅगेतले इतर तीन मुलींचे फोटो, हे सगळं एकामागोमाग गेलं. त्यानं काकांकडे आशेनं पाहिलं. काका नडगी चोळत होते.

दहा मिनिटांनी मावशी वाफाळती कढी घेऊन बाहेर आली. "घे. आता सांग."

गिरिजानं पुन्हा छताकडे पाहिलं. "आठ."

मावशी खुर्चीत टेकली आणि राजसला म्हणाली, "तेवीस वर्षं झाली मला या देशात. दर शनिवारी चार माणसं जेवायला घालते. सगळे म्हणतात, छान झालंय. या माणसाला मी एकदा मीठ नसलेलं वरण वाढलं होतं, मुद्दाम. तेही छान झालं होतं. आज पहिल्यांदा कुणी तरी चव घेऊन जेवून राहिलं या घरात."

"छानच होतं ते," काका म्हणाले.

निघताना मावशीनं गिरिजाच्या हातात पाटवड्यांचा डबा दिला. "पुढच्या शनिवारी पुन्हा ये. वांग्याची भाजी करते. मग नागपूरला फोन लावू."

परतीच्या वाटेवर गिरिजा हळूहळू भानावर आली आणि तिनं दोन्ही हातांनी सीटबेल्ट घट्ट धरला.

"राजस, मी कढीला मार्क दिले?"

"सोफ्यालाही दिलेस. सात."

ती थोडा वेळ तोंडावर डबा धरून बसली. पण मावशी रागावली नव्हती, उलट पुन्हा बोलावलं होतं. हे तिनं राजसकडून अकरा वेळा वदवून घेतलं, तेव्हा कुठे तिचा श्वास नीट चालू झाला. आता भीती संपली होती. आता पुढच्या शनिवारी फक्त शहाण्यासारखं, नीटनेटकं, शुद्धीत वागायचं.

पुढच्या शनिवारी ती तशीच वागली. वाटेत कुठेही थांबली नाही. मावशीच्या घरी सोफ्याच्या टोकावर बसली. फोन वाजला तेव्हा दचकली, कुकरची शिट्टी झाली तेव्हा उभी राहिली. जेवताना मावशीनं भाजीची वाटी पुढे केली आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"छान झालंय," गिरिजा म्हणाली.

"आणि ठेचा?"

"तोही छान."

मावशीचा चेहरा पडला. तिनं गिरिजाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि जेवण होताच टायलेनॉलची, तापाची गोळी देऊन आतल्या खोलीत पांघरूण घालून झोपवलं. गिरिजानं विरोध केला नाही. पांघरुणात कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मावशीचा नागपूरला लावलेला फोन ऐकू आला. गिरिजानं कानावरचं पांघरूण बाजूला केलं.

"अगं, डोळे मिटून हो म्हण. अशी मुलगी शोधून सापडायची नाही. हुशार, मोकळी, काय बोलते." मग मावशीचा आवाज जरा खाली आला. "फक्त तब्येतीनं नाजूक आहे बिचारी. मागच्या शनिवारी अगदी ठणठणीत होती, आज बघवत नव्हतं."