सोंड्या भुंग्याची सरकारी अनुपस्थिती

कोणत्याही कीटकाला पिकावर येण्यापूर्वी सरकारदरबारी मान्यता घ्यावी लागते. बिनमान्यतेचा कीटक झाड खाऊ शकतो, पण त्याला कीड म्हणता येत नाही. या एका तत्त्वावर आमच्या मरूद्यानातलं कीटकशास्त्र उभं आहे, आणि भक्कम उभं आहे. खजुराची झाडं तेवढी पडतात.

आमचं मरूद्यान खजुराचा बुंधा आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यापासून मुक्त असल्याचं कीडनियंत्रण केंद्राचे संचालक इस्मत बे यांनी जाहीर केलं, त्याला बरीच वर्षं झाली. पुरावा शास्त्रीय आहे. केंद्राच्या सापळ्यांत आजवर एकही भुंगा सापडलेला नाही. यश शंभर टक्के. (सापळे कचेरीच्या गच्चीवर टांगलेत. बागेत टांगले तर भुंगे येतात.)

अशा सुखी जागी डॉ. रावया हमदान कीटकशास्त्रज्ञ म्हणून आल्या. बाई शिकलेल्या होत्या, फक्त नोकरी कशी करतात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हाज झैदानांच्या बागेत जाऊन त्यांनी डॉक्टरची नळी थेट बुंध्याला लावली.

"काय म्हणतंय माझं झाड?" हाजनी विचारलं.

"झाड गप्प आहे, हाज. आतले जेवताहेत."

"किती जण?"

"अख्खं वऱ्हाड बसलंय."

"मग तोड, पोरी. जाळून टाक. बाकीची बाग तरी वाचेल."

पण निरोगी झाड तोडणं हा गुन्हा आहे, आणि कीडमुक्त प्रदेशातलं झाड निरोगीच असतं. बाई परवानगी मागायला इस्मत बेंकडे गेल्या.

"तुम्ही पाहिलात भुंगा?"

"आत आहेत, साहेब. ऐकू येताहेत."

"ऐकीव गोष्टींवर खातं चालत नाही, डॉक्टरीणबाई. आपला खजूर परदेशी जातो तो 'कीडमुक्त' या शिक्क्यावर. शिक्का गेला तर तुमच्या त्या हाजचा माल कोण घेईल? तुम्ही?"

युक्तिवाद बिनतोड आहे. भुंगा मान्य केला तर हाज यंदा बुडतात, नाही केला तर पुढच्या वर्षी. सरकारनं दूरदृष्टीनं पुढचं वर्ष निवडलं.

तेवढ्यात प्रांताचे राज्यपाल दौऱ्यावर आले. मोठ्या पाहुण्याला नामांकित बागेतले फुटवे द्यायचे, मुळं ओल्या गोणपाटात बांधून, ही आमची रीत. यंदा तो मान हाजच्या बागेला मिळाला. बाई नळी घेऊन पुढे झाल्या, तर खुद्द हाजच आडवे आले.

"पाहुण्याला दिलेली वस्तू तपासतात होय? माझी इभ्रत घालवशील."

"इभ्रत राहील, हाज. त्यांच्या बागा जातील."

"हळू बोल. ते बघताहेत."

फुटवे राज्यपालांच्या वाळवंटापलीकडच्या नव्या बागांत गेले. आतलं वऱ्हाडही गेलं. तिथली झाडं माना टाकू लागली, तसा तज्ज्ञाचा शोध सुरू झाला. ज्याच्या प्रदेशात एकही भुंगा नाही, त्याच्याइतका जाणकार कोण? इस्मत बे आता तिकडे महासंचालक आहेत. रावयाबाईंची बदली धान्याच्या कोठारावर झाली. तिथले उंदीर मान्यताप्राप्त आहेत.

हाजची बाग पडली, परवानगीशिवाय. निरोगी झाडं पाडल्याबद्दल त्यांना नोटीस आली आहे.

तुम्हाला इस्मत बेंचा राग आला असेल. येऊ द्या, पचनाला बरा असतो. पण तुम्ही खरेदीला गेलात त्या दुकानात खजुराची दोन पाकिटं होती. एकावर खरं छापलं होतं : आमच्या बागेत कीड आहे, उपाय चालू आहेत. ते तुम्ही दोन बोटांत धरून परत ठेवलंत.