मार्तंडकाकांनी बसवलेल्या तारा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. साल पंचावन्न. अंधेरीतल्या एका खोलीत खुंटीला गिटारचं पिल्लू टांगलंय. एवढंसं, हातभर, तारा मात्र आठ, दोन-दोनच्या जोडीने बसवलेल्या. याला युकुलेले म्हणतात. उत्तराचे वडील, अण्णा, बोटीवर कारकून होते. त्यांनी ते कुठल्याशा बंदरातून आणलं आणि पोरीला त्याच्यावर एक छोटी चाल शिकवली. जुहूकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने आता त्यातल्या पाच तारा तुटल्यात. आणि अण्णा काविळीने गेलेत.

दिसलं? मग दहाव्याला चला.

पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, अशी आपल्याकडे समजूत. म्हणून घरचे एकेक जण वचन देऊ लागले. "घराकडे आम्ही बघू," उत्तराचे थोरले आत्येभाऊ म्हणाले. कावळ्याने फांदीला चोच पुसली. "उत्तराला मॅट्रिक करू." कावळ्याने पाठ फिरवली. ऊन चढलं, भटजी चुळबुळू लागले. शेवटी अण्णांचे धाकटे भाऊ मार्तंडकाका पुढे झाले. "अण्णा, तुझ्या वाद्याला नव्या तारा बसवतो. तेराव्याला उत्तरा वाजवेल, वहिनी ऐकेल."

कावळा असा झेपावला की भटजी दोन पावलं मागे सरले.

"बघितलंत?" परतताना काका म्हणाले. "तारांच्या बाबतीत माझा शब्द तिकडेही चालतो." काका भजनी मंडळात तंबोरा लावत, त्यामुळे जगातली प्रत्येक तार आपल्या ओळखीची, असा त्यांचा समज होता.

घरी उत्तराची आई, सुनंदावहिनी, भिंतीला टेकून बसलेल्या. नवरा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, बोलल्या नव्हत्या. ताट आलं की एखादा घास चिवडायचा आणि हाताने बाजूला सारायचं. मनगटातल्या काढलेल्या बांगड्यांच्या जागी नुसती हाडं दिसायला लागली होती. उत्तराने मनाशी ठरवलं होतं, अण्णांची चाल ऐकली की आई रडेल आणि रडली की जेवेल.

काका वाद्य घेऊन स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार जयंतीभाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "शेठ, याला तात लागते. बकऱ्याच्या आतड्याची."

"आतड्याची? आणि या जुन्या कशाच्या आहेत?"

"त्या पण आतड्याच्याच. आता नायलॉनच्या निघाल्यात, पण मागवायला लागतील. महिना जाईल."

सुतकात आतडं घरात न्यायचं कसं? आणि तेरावा महिनाभर थांबणार कसा? "पोलादी द्या," काका म्हणाले. "तंबोऱ्याच्या असतात तशा."

"घ्या की. मला काय, विकायच्याच आहेत."

आतड्याची गोष्ट घरी कळली तशी काकांची बायको, मालनकाकू, मटकन खाली बसल्या. "अगं बाई. म्हणजे इतकी वर्षं हे देवघराच्या शेजारी टांगलेलं?" त्यांनी गोमूत्र आणलं. चार थेंब शिंपडले असते तर भागलं असतं. काकूंनी वाद्याला न्हाऊच घातलं आणि गॅलरीत उन्हात पालथं टाकलं.

इथे थोडं शिकून घ्या हं. तारा ज्या पट्टीला बांधतात तिला घोडी म्हणतात. ही घोडी लाकडी पोटावर नुसत्या सरसाने चिकटवलेली असते, आणि सरस पाण्याने सुटतो. त्यातून तातीची तार मऊ, थोड्या ताणातच बोलते. पोलादी तार त्याच सुरात आणायची तर कितीतरी जास्त ओढावी लागते. आठ लहान मुलींच्या जागी आठ पैलवानांनी दोर धरावा, आणि खुंटा आदल्या दिवशीच भिजवून ठेवावा, तसं झालं.

बाराव्या दिवशी दुपारी काका खुंट्या पिळायला बसले.

"काका, अण्णा एवढं पिळत नव्हते."

"अण्णाला सूर कुठे कळायचा, बाळ?"

"काका, ते कुरकुरतंय."

"सुरात येतंय गं ते."

फाडकन आवाज झाला. तारा तोडून घोडी उडाली ती थेट अण्णांच्या फोटोवर. काच तडकली, हार खाली पडला, आणि काकूंनी हंबरडा फोडला, "गेलं! सगळं गेलं हो!"

खालच्या मजल्यावरचे काशीराम आसपासच्या प्रत्येक मयताला पुढे असायचे. खांद्यावर पंचा टाकून ते धापा टाकत वर आले. "वहिनी गेल्या ना? वाटलंच होतं मला. अन्न तुटलं होतं. बांबूला माणूस पाठवलाय."

वहिनी त्यांच्यासमोरच बसल्या होत्या, उघड्या डोळ्यांनी.

"अहो, वहिनी आहेत," काका कसेबसे म्हणाले. "वाद्य गेलं."

काशीरामांनी वहिनींकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं. "मग बांबू परत पाठवू?"

तुम्हाला हसू आलं? येऊ द्या. त्या खोलीत कुणालाच आलं नाही. काशीराम चुकून जे बोलले, त्याचीच भीती सगळ्यांच्या मनात होती.

काशीराम गेल्यावर काका उपड्या पडलेल्या वाद्याकडे बघत राहिले. "उद्या तेरावा," ते हळूच म्हणाले. "मी अण्णाला शब्द दिलाय रे देवा."

उत्तरा उठली. तिने कातरीने उरलेल्या पोलादी तारा कापून काढल्या, कोपऱ्यातली घोडी शोधली आणि खालच्या सुताराकडून वाटीत गरम सरस घेऊन आली.

"काय गं हा वास?" काकूंनी नाकाला पदर लावला. "कशाचं असतं हे?"

सरस जनावराच्या कातड्याचा करतात, हे सुताराने तिला नुकतंच सांगितलं होतं. "लाकूड चिकटवायचं असतं," उत्तरा म्हणाली.

काकांनी हात पुढे केला. "काका, तुम्ही नको."

तिने वाद्य आईच्या मांडीवर ठेवलं. घोडी जागेवर बसवली, आईचे दोन्ही हात उचलले आणि तिचे अंगठे घोडीवर टेकवले. "आई, सुकेपर्यंत दाबून धरायचं. सोडलंस तर निघेल."

वहिनींची नजर त्या लाकडावर आली. मग त्यांच्या अंगठ्यांची नखं हळूहळू पांढरी झाली. दाबत होत्या.

उत्तरा स्वयंपाकघरात गेली, वरणभात कालवून घेऊन आली आणि आईसमोर मांडी घालून बसली. ताट सारायला आता आईचा एकही हात मोकळा नव्हता. उत्तराने घास केला आणि आईच्या तोंडाशी धरला.