गोणीवर कोणाचं नाव

भुकेला नाव नसलं तरी चालतं, दानाला मात्र असावंच लागतं. नाहीतर कोणी कोणाला काय दिलं हे देवालाही कळायचं नाही, आणि देव काही ऑडिट करत नाही.

हे ओळखूनच जागतिक भूक निर्मूलन केंद्राने नियम केला होता, की दात्याचं नाव छापल्याशिवाय एकही गोणी कोठाराबाहेर जाणार नाही. नियम उत्तम होता. भुकेल्या माणसाला खायची इतकी घाई असते, की आभार कोणाचे मानायचे हेच तो विसरतो. (हा दोष भुकेचा, माणसाचा नव्हे, असं केंद्र मोठ्या मनाने मानतं.)

यंदा कोठारातलं धान्य छताला टेकलं, तेव्हा कोठीवाल्याला हायसं वाटलं. त्याची मुलगी दुष्काळी छावणीत नर्स होती. ती फोनवर आधी विचारायची, "जेवलात का, बाबा?" बायको गेल्यापासून तो या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळा होई. मग ती विचारायची, "ट्रक निघाला?" इथे मात्र त्याला खोटं बोलता येत नसे.

ट्रक निघाला नव्हता, कारण दाते तीन आणि गोणीला वरची बाजू एकच. संचालकबाई हुशार. त्यांनी नावं गोलाकार छापायचं सुचवलं. वर्तुळाला वर-खाली नसतं असं गणित सांगतं, पण दाते गणिताचं ऐकत नाहीत. मग एका सल्लागाराने मुळातच शंका काढली, की भुकेल्यांना वाचता तरी येतं का? पाहणी झाली. शंभरातल्या साठांना येत नव्हतं, तिसांना उत्तर द्यायचं त्राण नव्हतं, आणि दहाजणांनी पाहणी करणाऱ्यालाच विचारलं, तुमच्या डब्यात काय आहे? (ही दहा उत्तरं विषयाला सोडून असल्याने बाद.)

तेव्हा नावांऐवजी फोटो छापायचं ठरलं. हसरा फोटो अशा गोणीवर बरा दिसेना, आणि रडका काढून घ्यायला दाते तयार होईनात. म्हणून त्यांना गंभीर चेहऱ्याचं प्रशिक्षण सुरू झालं. त्याचा खर्च धान्याच्या वाहतुकीतून भागवला. वाहतूक नाहीतरी बंदच होती.

कोऱ्या गोण्याच पाठवू, असं कोठीवाल्याने सुचवून पाहिलं. बाईंनी त्याला समजावलं, की निनावी दिलं तर दिलं हे सिद्ध कसं करायचं?

एका दुपारी बाई प्रशिक्षणाला गेल्या असताना त्याने हमालांना हाताशी धरून ट्रक भरला. नियम मोडायचा नव्हता, म्हणून कोळशाने प्रत्येक गोणीवर नाव लिहिलं. त्याच्या बायकोचं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाव वाचलं, यादीशी ताडून पाहिलं आणि बाईंना बोलावून आणलं.

"काका, या बाई कोण? काय दिलंय यांनी?" संचालकबाईंनी विचारलं.

"जन्मभर वाढलं," कोठीवाला म्हणाला. "स्वतः शेवटी बसायची. उरलं तर."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. मग ट्रक रिकामा करायला लावला. (कोळसा धुऊन निघतो, त्यामुळे केंद्राचं नुकसान झालं नाही.)

थोड्याच दिवसांत मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता भांडू नका कोणाशी. रांग निम्म्यावर आलीय. खड्डे खणायलाही माणसं पुरत नाहीत."

आता तरी बाईंना पाझर फुटेल, म्हणून तो तसाच उठून त्यांच्या खोलीत गेला आणि शब्दाला शब्द सांगितला. बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. केंद्र स्थापन झाल्यापासून इतकी चांगली बातमी कोणी आणली नव्हती. एक दाणाही खर्च न होता भुकेल्यांची रांग निम्मी! तिन्ही दात्यांनी बातमी कळताच पुढच्या वर्षीची देणगी वाढवली.

वार्षिक अहवालात दात्यांचे तीन वर्ग केले आहेत: धान्य देणारे, सल्ला देणारे आणि वाचून हळहळणारे. तिसरा वर्ग सर्वांत मोठा आहे. त्याची नोंदणीही सोपी. अर्ज नाही, सही नाही, कुठे जायला नको.

तुम्ही इथवर वाचत आलात ना? झाली तुमची नोंदणी. आता जेवून घ्या, गार होतंय.