ओटा, एक नग

"ओटा कुणी उचलून नेत नाही, सरोज!"

"मला नेताय ना उचलून? मग त्यालाही न्या."

या भांडणाचा तो अकरावा दिवस. डोंबिवलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आता भांडणाशिवाय दुसरं काही उरलंही नव्हतं. कपाट गेलं, पलंग गेला, पडदे उतरले, आणि रिकाम्या भिंतींमुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायला लागलं. (एकदा ऐकून ज्यांना कळत नाही, त्यांची तेवढीच सोय.)

"अगं, यादीत लिहून दिलंय मी," मधुसूदनराव केळशीकर म्हणाले. "अनुक्रमांक सात. ओटा, काळा कडप्पा, एक नग. खाली सही आहे माझी."

"मला विचारून केलीत?"

"ओट्याचं काय विचारायचं? तो काय पोळपाट आहे?"

"म्हणजे पोळपाट माझा, आणि तो ज्याच्यावर ठेवला तो मात्र तुमच्या सहीचा!"

मधुसूदनरावांना उत्तर सहसा दुसऱ्या दिवशी सुचायचं, आणि तोवर सरोजबाई पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असायच्या.

घर विकायचं ठरलं ते गुडघ्यांमुळे. लिफ्ट नाही, आणि मधुसूदनरावांचा डावा गुडघा दुसऱ्या मजल्यावर रोज राजीनामा द्यायचा. मुलगा अपूर्व ठाण्याला, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. "आईबाबा, आता इकडेच या," तो म्हणाला, आणि दोघं हो म्हणाली. हो म्हणताना दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित नाही म्हणाली असती.

घर घेणारं जोडपं शेजारच्या दिवा गावातलं होतं, प्रीतम आणि ऋजुता. दिव्यात टँकरच्या रांगेत दोघांची लग्नानंतरची चार वर्षं गेलेली. त्यामुळे प्रीतमने आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. मधुसूदनराव हरखले. त्यांनी त्याला माळ्यावरची टाकी दाखवली, टाकीचा कॉक दाखवला, कॉकचा वॉशर कधी बदलला तेही सांगितलं. आणि मग काय काय सोडून जाणार याची यादी करायला बसले.

यादी करणं हे त्यांचं जन्माचं काम. एका सरकारी कचेरीच्या भांडारात बत्तीस वर्षं त्यांनी जडसंग्रह नोंदवही सांभाळली होती; म्हणजे कचेरीतल्या टेबलं, खुर्च्या, पंखे, घंटा यांची जन्मपत्रिका. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा, वहीत चढवायचा, आणि खुर्ची मोडली की साहेबांच्या सहीने तिचं 'निर्लेखन' करायचं, मग ती भंगारात. ही सवय ते घरी घेऊन आले. पंख्याला नंबर, बादलीला नंबर, खलबत्त्याला नंबर. सरोजबाईंना तेवढा नव्हता, कारण त्यांनी ब्रश हिसकावून घेतला होता.

तर यादीत पंखे, गीझर, टाकी, ट्यूबा, आणि अनुक्रमांक सात. त्या ओट्याची गोष्ट मधुसूदनराव विसरले होते. (पुरुष असल्या गोष्टी विसरतात. त्यांना विसरायला फार जागा दिलेली असते.)

सरोजबाईंची उंची चार फूट आठ इंच. बिल्डरने ओटा बांधला तो कुठल्या तरी सरासरी बाईच्या मापाने, आणि ही सरासरी बाई आजवर कुणाच्याच घरात नांदलेली नाही. पहिली सात वर्षं सरोजबाई पाटावर उभं राहून पोळ्या लाटत होत्या. एक दिवस पाट सरकला, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "ओटा खाली येत नाही तोवर मी वर चढत नाही." तीन दिवस घरात चूल नाही. चौथ्या दिवशी गवंडी आला आणि ओटा पाच इंच खाली उतरला. सरोजबाईंनी आयुष्यात जिंकलेली ती एकमेव लढाई. बाकीच्या त्यांनी नुसत्याच लढल्या.

ठाण्याला अपूर्वकडचा ओटा त्यांच्या छातीला लागायचा. सून आसावरी वाईट नव्हती. तिने प्रेमाने एक प्लॅस्टिकचं स्टूल मागवलं. "आई, अँटी-स्किड आहे हां. दीडशे किलोपर्यंत चालतं!"

"मी चढणारे की हत्ती?" सरोजबाई म्हणाल्या होत्या. हसत म्हणाल्या होत्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

"तिथे जाऊन मी करू काय, सांगा ना," आता त्या म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता, आणि मधुसूदनरावांना त्याचीच भीती वाटली. "स्वयंपाकाला मावशी येतात. मला साधा चहा करायचा तरी डोंगर चढायचा. मला उभं राहायला जागा आहे ती ही एवढीच, हो. ती तुम्ही एक नग म्हणून देऊन टाकलीत. पडले स्टुलावरून, की माझंही निर्लेखन करा."

सरोजबाई आत गेल्या. मधुसूदनराव मात्र जागच्या जागी थांबले. निर्लेखन! बत्तीस वर्षांचा अनुभव डोक्यात टणकन वाजला.

यादीत ओटा होता, म्हणून तो नेता येत नव्हता. पण जुनी वस्तू रद्द करून जागी नवी, त्याहून चांगली आणली, तर जुनी मोकळी! घेणाऱ्याला झकास ग्रॅनाइट, आणि जुना कडप्पा अख्खाच्या अख्खा ठाण्याला. अपूर्वच्या स्वयंपाकघराबाहेरच्या बंदिस्त गॅलरीत तो मापाने बसवायचा. सरोजचा ओटा सरोजला. यादी शाबूत, संसार शाबूत. कचेरीत अशा कल्पनेला साहेबांनी चहा पाजला असता.

फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरोजबाई कल्याणला बहिणीचा, देवयानीचा, निरोप घ्यायला गेल्या. त्या जिना उतरल्या आणि दहा मिनिटांत रघु गवंडी एक माणूस घेऊन जिना चढला.

"काका, कडप्पा आहे. जुना आहे," रघु ओट्यावर बोटाने टकटक करत म्हणाला. "अख्खा निघेल असं मी लिहून देणार नाही."

"तू सांभाळून काढ. आणि नवा बसवताना स्टँडर्ड उंचीला बसव. उगाच बुटका कशाला? नवीन माणसं आहेत."

(हे वाक्य लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. मधुसूदनरावांना ते जन्मभर लक्षात ठेवावं लागणार आहे.)

पहिला तास छान गेला. रघूने शेगडी हलवली, सिंक सोडवलं, कडेचं सिमेंट छिन्नीने मोकळं केलं. खालून दोघांनी हात घातले. "हळू, हळू," मधुसूदनराव दारातून म्हणत होते. मदत म्हणून त्यांनी हातात फडकं धरलं होतं. दगड चार बोटं उचलला गेला आणि एक आवाज झाला. मोठा नव्हता. पापड मोडल्यासारखा. आणि ओट्याचे तीन तुकडे झाले. त्यातल्या एकाने खाली पडता पडता नळाचा पाईप उडवला.

पाणी थेट छताला. ज्या कॉकचं कौतुक करून त्यांनी घर विकलं होतं, तो कॉक बंद करायला मधुसूदनराव धावले आणि त्यांनी तो उलट्या बाजूला फिरवला. खालून दुसऱ्या मजल्यावरचे बाबुराव ओरडले, "केळशीकर, घर विकलंत ना? मग बुडवताय कशाला?"

रघूने शेवटी कॉक बंद केला. घोट्याएवढ्या पाण्यात ओट्याचे तुकडे पडले होते. मधुसूदनराव त्यातल्या मोठ्या तुकड्याजवळ उकिडवे बसले. कडेला एका जागी दगड गुळगुळीत, किंचित खोलगट झाला होता, वाटीच्या तळासारखा. बाकी काळा, तेवढीच जागा करडी. मनगट टेकायची जागा. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी बघितली नव्हती. आणि का बघितली नव्हती, हेही त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. ते ओट्याच्या या बाजूला कधी आलेच नव्हते.

"दगडालाही वय असतं, काका," रघु म्हणाला.

"तू नवा बसव," मधुसूदनराव म्हणाले.

रघूने खालच्या जुन्या विटा काढून स्टँडर्ड मापाच्या नव्या चढवल्या, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात ऋजुता आणि प्रीतम. पडद्यांची मापं घ्यायला आलेले. ऋजुता ओल्या लादीवरून तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थिजली.

"ओटा कुठेय?"

"सरप्राइज!" मधुसूदनराव कसंबसं हसले. "ग्रॅनाइट देतोय तुम्हाला. आमच्यातर्फे. आणि स्टँडर्ड उंची!"

ऋजुताने नव्या विटांकडे बघितलं. मग शेजारी जाऊन उभी राहिली. विटा तिच्या बरगडीच्या वर गेल्या होत्या. मधुसूदनरावांना पहिल्यांदाच दिसलं, की ही मुलगी सरोजपेक्षाही बुटकी आहे.

"काका, मी एकोणतीस घरं बघितलेली," ती म्हणाली. "एकोणतीस! एकाही घरात माझा हात शेगडीपर्यंत नीट पोचला नाही. इथे पोचला. मी ओट्यावर हात ठेवून उभी होते, तेव्हा तुम्ही प्रीतमला कॉक दाखवत होतात. मी ह्याला खाली रिक्षात बसताना सांगितलं, घर हेच."

"मला वाटलं पाण्यासाठी बोलतेय," प्रीतम पुटपुटला.

"तुला वाटणारच. दिव्याला मी पत्र्याच्या डब्यावर उभी राहून भाकऱ्या थापते, ते तुला कधी दिसलं?"

"अगं, बघतो ना मी..."

"काका, सोमवारचं रजिस्ट्रेशन कॅन्सल. असंच उंच ओट्याचं घर घ्यायचं तर मला दिव्यातच मिळत होतं."

सामान अर्धं ठाण्याला पोचलेलं, गुडघा गेलेला, ओटा गेलेला, आणि आता घरही गेलं असं म्हणायचं, तर ते गेलंही नव्हतं. तेच तर दुःख होतं.

"तसाच करून देतो," रघु मध्ये पडला. "जुन्या उंचीला. माप काय होतं, काका?"

मधुसूदनरावांनी लगबगीने वही काढली. अनुक्रमांक सात. लांबी होती. रुंदी होती. रंग होता, दगडाची जात होती, शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत' असंही होतं. उंचीचा रकानाच नव्हता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?" ऋजुताने विचारलं.

"मला... मला तो कधी उंच वाटला नाही. बुटकाही वाटला नाही."

"वाटायला तिथे उभं राहावं लागतं," दारातून आवाज आला.

सरोजबाई. हातात देवयानीने दिलेली लोणच्याची बरणी. त्यांनी सगळं बघितलं. पाणी, विटा, तीन तुकडे. बरणी खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि मोठ्या तुकड्यापाशी वाकून त्या करड्या जागेवर एकदा हात फिरवला.

"अगं, मी तुझ्यासाठीच..." मधुसूदनराव म्हणाले, आणि निर्लेखनाची सगळी योजना त्यांनी एका दमात सांगून टाकली. ग्रॅनाइट, गॅलरी, ठाणं. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ती फार वाईट ऐकू येत होती. रिकाम्या घरामुळे दोनदा.

"मला विचारलंत?"

"नाही."

"हिला?"

"नाही."

"त्या दगडाला तरी विचारायचंत. त्याने सांगितलं असतं." त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हात कोपरात दुमडला. "रघु, इथे बघ. कोपराखाली चार बोटं. हे माप."

रघूने कानामागची पेन्सिल काढली. पेन्सिल भिंतीला टेकायच्या आत सरोजबाईंनी हात काढून घेतला. मग ऋजुताला दंडाला धरून त्यांनी आपल्या जागी उभं केलं.

"हिचं घे. मला काय करायचंय आता? बोटभर खालीच येईल. ये गं, ताठ उभी राहा. पहिल्या दिवशी लाजून सरासरी बाई व्हायचं नाही, नाहीतर मनगट मोडतं."

रघूने खूण केली. ऋजुताचे डोळे भरून आले. "काकू, सोमवारी येतो आम्ही रजिस्ट्रेशनला," ती म्हणाली. प्रीतमने, कुणीही सांगितलेलं नसताना, पोतं घेऊन लादीवरचं पाणी टिपायला सुरुवात केली. (सुधारतात काही. तरुणपणीच धरलं तर.)

मधुसूदनरावांच्या जिवात जीव आला. आणि जीव आला की माणसाने गप्प बसावं, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"बघ, झालं की नाही सगळं नीट?" ते म्हणाले. "आणि अपूर्वकडचा ओटा काही एवढा वाईट नाही गं. तू उगाच मनाला लावून घेतेस. मी स्वतः उभा राहून बघितलंय परवा. कोपराला अगदी बरोब्बर येतो."

सरोजबाईंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं माप घेताना रघूने भिंतीकडे बघितलं होतं, आणि खिडकीतली बरणी उचलून त्यांच्या हातात देत म्हणाल्या,

"तुमच्या कोपराला बरोबर येतो ना, मग मंगळवारपासून तिथली कणीक तुम्ही मळायची."