शुक्रावर पाठवलेली बरणी

एका जंगलात, बाळांनो, नाकोजी नावाचा एक तरस राहायचा आणि त्याला पंगतीत कुणी बसू द्यायचं नाही.

नाक मात्र असं, की डोंगरापलीकडे कुणी कांदा चिरला तर याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण अंगाला वास मारतो म्हणून त्याने बाभळीखाली थांबायचं. सगळ्यांनी हात धुतले की मग उरलंसुरलं चाटायचं. एकटी गजराबाई हत्तीण त्याच्यासाठी कानाआड लपवून मेथीचा लाडू आणायची.

"खा रे बाबा," ती म्हणायची. "त्यांच्या जिभेला हाड नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस."

नाकोजी मनाला लावून घ्यायचाच. तुम्ही नसतं घेतलं?

तर झालं काय, एके दिवशी सिंहमहाराजांना वाटलं, शुक्राची हवा कशी आहे ते आपल्याला कळलं पाहिजे. तळ्यावर तेव्हा इतकी दुर्गंधी सुटली होती, की बगळेसुद्धा नाक दाबून मासे पकडत होते. पण तो विषय स्थानिक पडला.

शुक्र काही एकट्याच्या आवाक्यातला नव्हे. म्हणून बर्फाळ जंगलातली पांढरी अस्वलं आणि वाळवंटातले उंट यांना निमंत्रणं गेली. तिन्ही राज्यांनी मिळून एक यंत्रघार बांधायची ठरली. घारीने उडत शुक्रावर जायचं, तिथल्या आंबट ढगांत घिरट्या घालायच्या, बरणीत हवा भरून घ्यायची आणि परत यायचं. पंख अस्वलांचे. झाकण उंटांचं. बरणी आपली.

वाटणी फार चोख झाली. फक्त बरणीच्या आत बघायचं काम कुणाच्या वाट्याला आलं नाही.

आता आणलेली हवा हुंगणार कोण? अस्वलं म्हणाली, आम्हाला सर्दी. उंट म्हणाले, आमच्या नाकपुड्या वाळूमुळे मिटलेल्या. झालं! गरज सरो आणि वैद्य मरो हे नंतरचं. आधी गरज होती. बाभळीखालून नाकोजीला वाजतगाजत आणलं. 'घ्राणाचार्य' अशी पदवी दिली. पंगतीत महाराजांच्या शेजारी त्याचा पाट मांडला.

काय सांगू बाळांनो, पहिल्या दिवशी त्याला घास उतरेना. पाटावर तो सारखा हात फिरवत होता. लाकूड खरंच आहे ना, ते बघत होता.

उड्डाणाची सकाळ उजाडली. भाषणं चालू होती. गजराबाई घारीला हळदकुंकू लावायला गेली आणि बघते तर बरणी रिकामी!

"अगं बाई!" तिने सोंडेनेच कपाळ बडवलं. "कुणाच्या दारी असं रितं भांडं न्यायचं? मागायला आल्यासारखं दिसेल. जंगलाची काही अब्रू आहे की नाही?"

तिने कानाआडून मेथीचे लाडू काढले आणि बरणी गळ्यापर्यंत भरली.

मग उंट आला. त्याने झाकण घट्ट बसवलं. दुसऱ्याच्या बरणीत डोकावणं त्यांच्याकडे असभ्यपणाचं समजतात. अस्वलाला घार थोडी जड वाटली, पण तिन्ही राज्यांची मैत्री जडच असायची, असं म्हणून त्याने पंख आणखी जोरात हलवून दिले. घार उडाली.

बरेच ऋतू गेले. नाकोजी पंगतीत जेवला, अंगाने भरला, पाटावर त्याच्या बैठकीचा खळगासुद्धा पडला. आणि एका दुपारी यंत्रघार धापा टाकत परत आली. पंख करपलेले, शेपूट अर्धं. बरणी मात्र शाबूत.

सभा भरली. उंटाने झाकण उघडलं. आत तळाशी काळी भुकटी होती. नाकोजी पाटावरून उठला, पुढे झाला आणि बरणीत नाक घातलं.

मेथी. तूप. डिंक. जरा जास्त भाजलेला गूळ.

या वासाचे लाडू तो जन्मभर बाभळीखाली बसून खात आला होता.

"बोला, घ्राणाचार्य," महाराज म्हणाले. "काय आहे शुक्रावर?"

"महाराज... मेथी आहे."

"मेथी म्हणजे काय?" पांढऱ्या अस्वलाने विचारलं. बर्फात कुठली मेथी उगवायला!

"नवा वायू!" उंट ओरडला. "आम्ही कधी ऐकलेला नाही, म्हणजे नवाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या जंगलातल्या सगळ्यांना मेथी चांगली ठाऊक होती. पण पाहुण्यांचा हिरमोड कोण करणार? ससे तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

"महाराज," नाकोजी चाचरत म्हणाला, "एक शंका होती. ही मेथी शुक्राचीच, की..."

"शंका?" महाराजांनी आयाळ झटकली. "शंका असेल तर मोहीम फसली. मोहीम फसली तर घ्राणाचार्य हे पद तरी हवं कशाला? माकडा, तो पाट उचल बघू."

माकडाने पाटाला हात घातला.

नाकोजीने पाटाकडे पाहिलं. मग बाभळीकडे. मग गजराबाईकडे. ती बिचारी कौतुकाने त्याच्याकडेच बघत होती. खरं सांगावं तर आपला पाट जाणार आणि तिची भर सभेत शोभा होणार. त्याला रडू आलं, पण तरसाचं रडणंही हसल्यासारखंच ऐकू येतं, त्यामुळे सभेला ते शुभ वाटलं.

"शुक्राचीच," तो म्हणाला. "शंभर टक्के. आणि तूपही आहे."

मग काय विचारता! अस्वलांनी उंटांना मिठ्या मारल्या. महाराज उठून उभे राहिले.

"जिथे हवेतच मेथी आणि तूप आहे, तिथे राहायला काय हरकत आहे? या तळ्याच्या वासाला मी कंटाळलो. आपण सगळे शुक्रावर जाऊ! आधी एकाने पुढे जाऊन घरं बघावीत. ज्याला तिथली हवा नाकापासून ठाऊक आहे, अशानेच."

सगळ्या माना नाकोजीकडे वळल्या.

"पण महाराज, माझा पाट..."

"त्याची काळजी नको," महाराज मायेने म्हणाले. "तुमचा मान कमी होणार नाही."

आणि खरंच, बाळांनो, झाला नाही. तो पाट यंत्रघारीच्या पाठीवर खिळ्यांनी ठोकण्यात आला. त्यावर नाकोजीला बसवून उंटांचे दोर आवळण्यात आले. गाठी कशा आहेत ते बघणं कुणाच्या वाट्याला होतं कोण जाणे, पण त्या पक्क्या होत्या.

गजराबाई शेवटी जवळ आली. तिच्या सोंडेत तीच बरणी होती, घासूनपुसून पुन्हा भरलेली.

"कुणाला सांगू नकोस हं," ती त्याच्या कानात म्हणाली. "मागच्या वेळी मीच गुपचूप लाडू धाडले होते. आणि शुक्रावरची मंडळी बघ किती रीतीची! त्यांनीही मेथीचेच उलट पाठवले. जरा करपवले, पण तूप अगदी माझ्या हातचं."

नाकोजीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात ढोल वाजले.

"नीट जा," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि येताना बरणी रिकामी आणू नकोस."

तात्पर्य : मानाचा पाट मिळाला की घट्ट धरून बसावं. खिळे लोक आपणहून ठोकतात.