बुधूच्या धुऱ्यातल्या चड्ड्या

सरकारी चड्ड्या लोकांच्या शेतात नेऊन पुरायची नोकरी संघपालच्या आधी गडचिरोली जिल्ह्यात कुणी केली नसावी. पोरगा घुग्घुसचा, कृषी पदवीधर, कंत्राटावर लागलेला. कंत्राट दोन-अडीच महिन्यांत संपत होतं आणि ते पुढं वाढणार की नाही, हे या सहा चड्ड्यांवर ठरणार होतं.

प्रयोग तसा साधा. पांढरी सुती चड्डी जमिनीत पुरायची, दोन महिन्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर किडे, वाळवी, बुरशी कापड खाऊन टाकतात, नुसतं इलॅस्टिक उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी. तीन पुरल्या बुधू नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधाच्या कडेला. तिथं मोह, पळस, बेहडा त्याच्या आजापासून उभे, आणि सगळा पाला तिथंच कुजायचा. उरलेल्या तीन श्रीहरीच्या शेतात. सावली पडते म्हणून या गड्यानं एक झाड शिल्लक ठेवलं नव्हतं, आणि युरियाशिवाय त्याचं पान हलत नव्हतं.

संघपालनं ‘सूक्ष्मजीव’, ‘सेंद्रिय कर्ब’ असले शब्द घालून पाऊण तास समजावलं. बुधू ‘हो जी, हो जी’ म्हणत राहिला. पण निघताना संघपाल एक वाक्य जास्तीचं बोलला आणि तिथंच माशी शिंकली. तो म्हणाला, “बुधूभाऊ, सरकारी सामान आहे, सांभाळजा.”

दोन महिन्यांनी नागपूरचे साहेब आले. अख्खं गाव धुऱ्यावर जमलं. बुधूच्या पहिल्या खड्ड्यातून निघाली निळी चड्डी, लाल पट्ट्याची. दुसऱ्यातून हिरवी. तिसरीला तर दुकानाचं लेबलही होतं.

“पांढऱ्या पुरल्या होत्या ना?” साहेबांनी विचारलं.

“मातीचा रंग चढला असंल, सर,” संघपालच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी लेबल वाचलं, संघपालकडं पाहिलं आणि वही मिटली. चड्ड्या बदललेल्या, म्हणजे प्रयोग शून्य, असं म्हणून त्यांनी कंत्राटाचा विषयही त्याच वहीत मिटवला. खरं सांगायचं तर संघपालला रडू येत होतं. त्यानं बुधूला गाठून विचारलं, भाऊ, हे काय केलं?

“तुमीच सांभाळा म्हणले जी,” बुधू म्हणाला. “पंधरा दिवसानं उकरून पाह्यलो तं मातीनं पार खाऊन टाकल्या. सरकारचं नुकसान होऊन राह्यलं म्हणून मी बाजारातून आणून दुसऱ्या पुरलो. त्याही खाल्ल्या. मंग तिसऱ्या पुरलो, त्याही गेल्या. ह्या चवथ्या, परवाच पुरलो.”

त्याची बायको बुधरी दोन महिन्यांच्या रागानं तुंबलेली होती. बाजारातून जी चड्डी येते ती थेट जमिनीत जाते आणि या माणसाच्या अंगावर एक धड नाही, हे तिनं साहेबांना ऐकवलं आणि पुरावा म्हणून घरून डबा आणून उपडा केला. आत नऊ इलॅस्टिकं. हिशेब द्यावा लागेल म्हणून बुधूनं जपून ठेवलेली.

साहेबांनी ती मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन महिन्यांत नऊ चड्ड्या खाणारी माती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी बुधूची पाठ थोपटली. संघपालच्या जिवात जीव आला. आता फक्त श्रीहरीच्या चड्ड्या शाबूत निघाल्या की काम फत्ते.

श्रीहरी सकाळपासून गावभर सांगत होता, आपली जमीन इमानदार, सरकारी वस्तूला तोंड लावणार नाही. पण खाणारी माती जिंकते हे कानावर पडताच तो गर्दीतून सटकला होता. लोक त्याच्या शेतावर पोचले तेव्हा तो धापा टाकत उभा होता आणि तिन्ही खड्ड्यांवरची माती ताजी होती. उकरलं तर नुसती इलॅस्टिकं. साहेबांनी एक उचलून पाहिलं. कापड कडेनं सरळ रेषेत संपलं होतं.

“श्रीहरीभाऊ, तुमची वाळवी कैचीनं खाते का?”

“शिस्तीची जमीन हाय, सर,” श्रीहरी म्हणाला. “इकडंतिकडं तोंड मारत नाई.”

झालं, तुलना गेली पाण्यात. साहेबांनी तिथंच धुऱ्यावर बसून शेरा लिहिला: प्रयोग पुढील वर्षी पुन्हा करावा, चड्ड्यांवर पूर्णवेळ माणूस नेमावा, त्यासाठी श्री. संघपाल यांना एक वर्षाची मुदतवाढ द्यावी.

संघपालनं आनंदानं घुग्घुसला आईला फोन लावला. आईनं विचारलं, काम काय आहे बाबू?

“राखण,” संघपाल म्हणाला.

“शेताची?”

त्यानं जरा विचार केला. “शेतातलीच हाय, आई.”