सातवा वाफा

डोळ्याचं ऑपरेशन होऊन एकवीस दिवस झाले आणि डॉक्टरांनी काळा चष्मा काढायची परवानगी दिली, तेव्हा कंडक्टरांनी सकाळी उठल्या उठल्या चपला पायात सरकवल्या आणि ते गावाच्या सामाईक बागेकडे निघाले. मागून बायको "अहो, चहा तरी घ्या!" म्हणून ओरडत राहिली. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण गाडी सुटायची वेळ झाली की ते अजूनही कुणासाठी थांबत नसत. शेवटी तीच बिचारी पदर खोचून मागे चालू लागली.

घाई करण्यासारखंच कारण होतं. बागेत एका ओळीत बारा वाफे. ओळीच्या एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला फाटक. वाफे बारा घरांना वाटलेले, आणि वाफा मागणाऱ्यांची यादी भलीमोठी. म्हणून नियम कडक होता. सलग वीस दिवस ज्या वाफ्याला मालकाचा किंवा बागेच्या तरुण पथकाचा हात लागला नाही, तो वाफा यादीतल्या पहिल्या माणसाला. बागेचा कारभार पाहणाऱ्या नर्सबाई महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणीला येत, आणि तो रविवार आजचाच होता.

अर्थात कंडक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच चोख बंदोबस्त करून ठेवला होता. पथकाची प्रमुख सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या बगलेत सदा वही, म्हणून तिला सगळे वहीताई म्हणत. तिला घरी बोलावून त्यांनी फर्मान सोडलं होतं.

"सातवा वाफा माझा. दिवसातून दोनदा भरपूर पाणी घालायचं. आणि मी लावलेत फक्त टोमॅटो. बाकी जे काही उगवलेलं दिसेल ते तण. मुळासकट उपटायचं, दयामाया नको!"

"काका, पण सातवा म्हणजे कुठून..."

"सात म्हणजे सात! तीस वर्षं माणसं मोजलीत मी. आकडे मला शिकवतेस?"

वहीताईनं मान डोलावली आणि वहीत 'सात' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता फाटकातच ती भेटली. तिनं कामाची वही कंडक्टरांच्या हातात ठेवली, "काका, एक दिवस चुकवला नाही आम्ही," असं म्हणाली आणि पाइप आणायला पळाली.

कंडक्टर आपल्या वाफ्यापाशी पोचले आणि त्यांचा ऊर भरून आला. चोवीसच्या चोवीस रोपं कमरेएवढी झाली होती, काठ्यांना नीट बांधलेली होती, आणि टोमॅटो असे लटकले होते की मोजायचा मोह व्हावा. मग त्यांची नजर शेजारच्या सहाव्या वाफ्याकडे गेली.

तो वाफा शिंप्याचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं कंडक्टरांची कॉफी रंगाची पँट दोन बोटं आखूड शिवली, तेव्हापासून दोघांत अबोला होता. शिंपी पहाटे दुकान उघडण्याआधी बागेत येई, कंडक्टर उशिरा येत, त्यामुळे अबोला पाळणं सोपं जाई. सहाव्या वाफ्याचा आता नुसता चिखल झाला होता. कोपऱ्यात टोमॅटोची चार पिवळी रोपं माना टाकून उभी होती आणि मधोमध एक बेडूक बसला होता.

"काय ही दशा!" कंडक्टर म्हणाले. दुःख दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो फारसा जमला नाही.

मग त्यांनी समाधानानं वही उघडली.

'पहिला दिवस. टोमॅटोची चार रोपं आहेत. बाकी तण उपटलं.'

चार? कंडक्टरांनी पुन्हा मोजलं. चोवीस. त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा झाकून मोजलं. चोवीस. दुसरा झाकून मोजलं. तरी चोवीसच.

'दुसरा दिवस. तण चिवट आहे. काही तणाच्या मुळाशी कांदे निघाले, काहींच्या मुळाशी गाजरं. काकांनी सांगितल्याप्रमाणे दयामाया केली नाही.'

'सहावा दिवस. दोनदा पाणी. चप्पल रुतली. सापडली नाही.'

'नववा दिवस. बेडूक आला. त्याला काय करायचं ते काकांनी सांगितलेलं नाही, म्हणून ठेवला.'

कंडक्टरांचं डोकं गरगरायला लागलं. आपल्या वाफ्यात कांदे कधी लावले? गाजरं कुठून आली? त्यांनी वाकून टोमॅटोखाली चप्पल शोधली. बेडूकही शोधला.

"अगं, डॉक्टरांनी भलताच डोळा तर बसवला नाही ना?" ते घाबरून बायकोला म्हणाले. "वहीत एक लिहिलंय आणि मला दिसतंय भलतंच!"

बायकोनं वही घेतली, दोन पानं वाचली, एकदा नळाकडे पाहिलं आणि एकदा फाटकाकडे.

"अहो, तुमच्याच गाडीत नव्हतं का असं? जाताना जो सातवा स्टॉप, तो येताना सहावा. तुम्ही नळाकडून मोजता. पोरं फाटकातून आत येतात, ती फाटकाकडून मोजतात."

कंडक्टर मटकन बांधावर बसले. म्हणजे शिंप्याचे कांदे आणि गाजरं त्यांच्याच हुकुमानं गेली होती. तो बेडूकही एका अर्थी त्यांचाच.

"पण मग माझे टोमॅटो कुणी जगवले?"

बसल्या जागेवरून रोपांच्या गाठी अगदी नाकासमोर आल्या होत्या. काठ्यांना रोपं बांधली होती कापडाच्या पट्ट्यांनी. पट्ट्या सरळ कापलेल्या, कडा दुमडून टीप मारलेल्या. कापड कॉफी रंगाचं. नव्या डोळ्यानं त्यांना ते लख्ख ओळखू आलं. दोन वर्षं ज्या दोन बोटांसाठी ते गावभर बोंबलत होते, ती दोन बोटं इथे टोमॅटोला बांधलेली होती.

तेवढ्यात नर्सबाईंचा आवाज आला. त्या सहाव्या वाफ्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर शिंपी खाली मान घालून उभा होता.

"मास्तर, मला वाईट वाटतं, पण वाफा उजाड पडलाय. हात लावल्याचं एक लक्षण दिसत नाही."

"पहिल्या दोन दिवसांतच कांदे गेले, बाई. मग वाफा सुकेचना. पाणी घालायची सोयच राहिली नाही." शिंपी हळूच म्हणाला. "बायको गेल्यापासून सकाळी इथंच येऊन बसतो मी. तेवढं राहू दिलं असतं तर बरं झालं असतं."

नर्सबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

कंडक्टरांनी वही मिटली. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. टोमॅटो उत्तम होते आणि खरा प्रकार फक्त त्यांना आणि बायकोला ठाऊक होता. पण बायको त्यांच्याकडे बघत होती. शिवाय ती पट्टी डोळ्यासमोरून हलेना.

"थांबा बाई!" ते ओरडले. "त्या वाफ्याला हात लागलाय. पथकाचा. दिवसातून दोनदा. ही घ्या वही!"

आणि मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाइप घेऊन आलेली वहीताई ऐकता ऐकता पांढरी पडली.

"तरी मी विचारत होते, कुठून म्हणून," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"विचारत होतीस. चूक माझी," कंडक्टर म्हणाले. मग ते शिंप्याकडे वळले. "आणि मास्तर, तुम्ही माझ्या टोमॅटोला पाणी घालत होतात? माझ्या?"

"झारी भरलेली असायची हातात," शिंपी पुटपुटला. "माझ्या वाफ्यात तळं. तुमची रोपं वाळायला लागलेली. रोपांनी माझं काय घोडं मारलं होतं?" तो जरा घुटमळला. "ती पँट आणून द्या एकदा. खालची शिवण सोडून बघतो."

नर्सबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. "सहावा वाफा मास्तरांकडेच राहील," त्या म्हणाल्या. कंडक्टर हसले. "पण सातव्याचं काय? एकवीस दिवस त्याला ना मालकाचा हात लागला, ना पथकाचा. नियम म्हणजे नियम. यादीत पहिलं नाव कुणाचं आहे बघते."

कंडक्टरांचं हसू विरलं. नर्सबाईंनी यादी काढली, नाव वाचलं आणि त्यांच्या बायकोकडे पाहिलं.

"तुम्हीच की हो!"

"दोन वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "कडेला फुलं लावायला वीतभर जागा मागितली, तर म्हणाले, गाडी फुल्ल आहे."

तिनं पदर खोचला, वाफ्यात उतरली आणि एक पिकलेला टोमॅटो तोडून शिंप्याच्या हातात दिला. कंडक्टर बांधावर अवघडून उभे होते.

"तुम्हाला मागे दोन वीत जागा देते," ती म्हणाली. "उभ्यानं चालेल ना?"

कंडक्टरांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं,

"मागे म्हणजे... कुठून?"